जुनं ॲम्बॅसॅडर रीळ सुधारायचं तर आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाजारात ॲबूचं ॲम्बॅसॅडर ५५००सी हे मासेमारीचं रीळ मिळालंय. फिरतं, पण फेक लांब जात नाही, ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी अडवत सोडणारा ब्रेक) झटके देत सुटतो, साईड प्लेटचा रंग दोन-तीन ठिकाणी उडालाय. सिरॅमिक बेअरिंग, कार्बन वॉशर, मॅग्नेट, मोठं हँडल असं सगळं मागवून एकदम बसवावं का? आणि यातलं कोल्हापुरात काय होऊ शकतं?

एकदम बसवू नका. जुन्या रिळात एक भाग मजबूत किंवा मोकळा केला की ताण नाहीसा होत नाही, तो शेजारच्या भागावर जातो. बेअरिंग पळायला लागलं की ब्रेक अपुरा पडतो. ड्रॅग घट्ट झाला की गियरचे दात आणि उलटं फिरणं अडवणारं कुत्रं (खटका) मार खातं. हँडल लांब केलं की शाफ्टवर जोर येतो. चार बदल एका दिवशी केले आणि रीळ बिघडलं, तर दोष कशाचा हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी रीळ मूळ अवस्थेत नीट चालतं करा, मग बेअरिंग, मग ब्रेक, मग ड्रॅग, आणि हँडल सगळ्यात शेवटी. अर्ध्या लोकांचं काम पहिल्याच टप्प्यात भागतं. जुनं रीळ "जड" झालेलं असतं ते बहुतेक वेळा वाळून मेण झालेल्या ग्रीसमुळे.

आधी हातात नेमकं काय आहे ते ओळखा. ॲबू ही स्वीडनमधल्या स्वान्गस्टा गावची कंपनी. १९२१ मध्ये ती घड्याळं बनवायला सुरू झाली, पुढे टॅक्सीचे मीटर केले, आणि रिळं त्यानंतर आली. त्यामुळे आतले पेच बारीक खाचेचे आणि जोडकाम घड्याळजीच्या हिशेबाचं आहे. खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर पहिल्याच दिवशी पेचाचं डोकं खराब होईल. रॉडवर बसणाऱ्या पायाच्या खालच्या बाजूला आकडा कोरलेला असतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या रिळांवर त्यातले पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे असतात. म्हणजे ७८०५ ने सुरू होणारा आकडा असेल तर रीळ मे १९७८ चं. सुटे भाग मागवताना नुसतं "५५००सी" लिहू नका, हा पूर्ण आकडा द्या. दिसायला सारख्या दोन रिळांत आतले भाग बदललेले असतात. नावातला "सी" म्हणजे स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) बॉल बेअरिंगवर फिरतं. साध्या ५००० मध्ये बुश (बिनगोळ्यांच्या धातूच्या नळ्या) असतात आणि गियरचं प्रमाण ३.६:१ असतं, ५५००सी मध्ये ते ४.७:१ आहे.

खोलताना हँडलच्या बाजूचे तीन खरबरीत डोक्याचे पेच हाताने सैल करायचे. ती प्लेट गियरसकट बाजूला येते आणि स्पूल बाहेर पडतं. पुढे हँडलचा नट, ताऱ्याच्या आकाराचं ड्रॅगचं चाक आणि त्याखालचे दोन स्प्रिंग वॉशर निघतात. ते बशीसारखे किंचित वाकलेले असतात आणि पोटं एकमेकांकडे करून बसतात, कंसाच्या जोडीसारखे. दोन्ही एकाच दिशेने बसवले तर ड्रॅग हळूहळू वाढत नाही, एका ठिकाणी अचानक आवळतो. हीच चूक झाल्यामुळे लोक "ड्रॅग गेलाय" म्हणून नवे वॉशर मागवतात. आतली पट्टी उचलताना पिनियनच्या (लहान गियरच्या) कमानीखालच्या दोन बारीक स्प्रिंगा उडतात. काम पांढऱ्या टॉवेलवर, उथळ ताटात करा, प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो घ्या आणि भाग निघाले त्या क्रमाने मांडा.

पितळी आणि स्टीलचे भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये अर्धा तास बुडवून टूथब्रशने घासा. मग कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून धुवा आणि लगेच कोरडे करा. रंगीत साईड प्लेट मात्र फक्त साबणाच्या पाण्याने. ती ॲनोडाईज केलेल्या, म्हणजे वर रंगीत ऑक्साईडचा थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमची असते. चिंच, लिंबू, सोडा, पितळी भांडी घासायची पावडर यांतलं काहीही लागलं की तो थर खाल्ला जातो आणि तो रंग परत आणता येत नाही. प्लॅस्टिकच्या भागांना ॲसिटोन लावू नका, ते मऊ पडतात.

बेअरिंग हा कोल्हापूरकरांसाठी सोपा भाग आहे. ५५००सी आणि ६५००सी वर्गातली स्पूलची बेअरिंगं ३ × १० × ४ मिलिमीटरची असतात, म्हणजे बाजारातला ६२३ नंबर. तरी जुनं काढून व्हर्नियरने मोजून घ्या, कारण मधल्या मालकाने काय बसवलंय हे सांगता येत नाही. शाहूपुरीत औद्योगिक बेअरिंग विकणाऱ्या दुकानात "६२३ झेडझेड" मागितलं की मिळतं किंवा मागवून देतात. पॅकेटमधून काढून तसंच बसवलं तर मात्र फेक आणखी आखूड होईल. त्यात मोटारीसाठीचं घट्ट ग्रीस भरलेलं असतं. बाजूची तारेची रिंग सुईने उचला, पत्र्याचं झाकण काढा, बेअरिंग लायटरच्या पेट्रोलमध्ये हलवून धुवा, वाळवा आणि पातळ तेलाचा एकच थेंब टाका. हे काम गॅसच्या शेगडीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करा. थेंब दोन झाले तर जादाचं तेल फेकीत उडून ब्रेकच्या कड्यावर जातं, आणि ती वेगळीच डोकेदुखी आहे. कोकणात समुद्रावर वापरणार असाल तर साधं पोलादी ६२३ घेऊ नका, एका पावसाळ्यात गंजतं. स्टेनलेसचंच मागा.

सिरॅमिक म्हणून विकतात ती बहुतेक संकरित असतात: कडी स्टीलची, गोळ्या सिलिकॉन नायट्राईडच्या. गोळ्या हलक्या आणि गंजत नाहीत, हा फायदा खरा. पण आवाज वाढतो, आणि १५ ग्रॅमच्या वरच्या आमिषाला स्वच्छ स्टील बेअरिंगच्या तुलनेत अंतरात फारसा फरक दिसत नाही. पाकिटावरचा एबेक ५ किंवा ७ हा आकडा मापाच्या अचूकतेचा आहे, वेगाचा नाही. त्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. आणि बोटाने स्पूल फिरवून सेकंद मोजण्याचा जो खेळ चालतो त्यावरून फेकीचा अंदाज येत नाही. तिथे दोरी नसते, वजन नसतं, ब्रेक लागलेला नसतो.

बुशवाल्या ५००० मध्ये जबरदस्तीने बेअरिंग घालायचा खटाटोप करू नये, असं माझं मत आहे. शाफ्टची टोकं दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, शाफ्ट फिरवत, अगदी हलक्या हाताने साफ करा, बुश कापसाच्या काडीने पुसा आणि पातळ तेल द्या. बुश लंबगोल झिजलं असेल तर उद्यमनगरातला कुठलाही बारीक काम करणारा लेथवाला फॉस्फर ब्राँझमधून नवं काढून देईल. त्याला जुनं बुश आणि स्पूल दोन्ही द्या, आणि शाफ्टपेक्षा भोक दोन ते तीन शतांश मिलिमीटर मोठं ठेवायला सांगा. त्याहून घट्ट झालं तर तेलाला जागा राहत नाही, सैल झालं तर वेगात स्पूल थरथरतं.

एक जागा हमखास विसरली जाते. स्पूलचा शाफ्ट पिनियन गियरच्या पोटातून जातो आणि फेकीच्या वेळी पिनियन स्थिर असतो, शाफ्ट आत फिरतो. गियरला लावलेलं ग्रीस त्या भोकात गेलं की उत्तम बेअरिंगसुद्धा हरतं. गियरच्या दातांना ग्रीस, पिनियनच्या आतल्या भोकाला फक्त तेल.

आता ब्रेक. स्पूलच्या बाजूला दोन काड्यांवर सरकणारे दोन ठोकळे असतात. स्पूल फिरलं की ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. केंद्रापासून दूर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हा ब्रेक फेकीच्या सुरुवातीला, स्पूल सगळ्यात जोरात असताना, कडक लागतो आणि वेग उतरला की जवळजवळ सुटतो. शेवटच्या टप्प्यात अंगठा लागतो तो यामुळे. दोन्ही ठोकळे सारख्या वजनाचे हवेत. एक झिजलेला आणि एक नवा असेल तर रीळ हातात गुणगुणतं. नवे ठोकळे नायलॉनच्या सळीतून कापून घेता येतात. गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या सोनाराकडच्या काट्यावर जोडी तोलून घ्या, फरक शतांश ग्रॅमात राहिला पाहिजे. टेफ्लॉनचे ठोकळे कमी घासतात, म्हणून जड आमिषाला चालतात, हलक्याला नाही. ज्या कड्यावर ते घासतात ते कडं कोरडं आणि चकचकीत हवं. त्यावर तेलाचा डाग असेल तर एक फेक सुसाट आणि दुसरी अडकलेली असं होतं, आणि गुंता झाल्यावर माणूस स्वतःच्या अंगठ्याला दोष देतो.

हँडलच्या बाजूची टोपी शाफ्टच्या टोकावर दाब देते. बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली जावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं, एवढीच ती आवळायची. जुन्या रिळात त्या टोपीतल्या चकतीला शाफ्टने खळगा पाडलेला असतो आणि मग टोपी कितीही फिरवली तरी दाब एकसारखा येत नाही. चकती उलटी करून बसवा, दोन्ही बाजू गेल्या असतील तर तेवढ्याच जाडीची नवी कापा. वीस मिनिटांचं काम आहे, पण फरक बेअरिंगपेक्षा जास्त जाणवतो.

मॅग्नेट हा जुन्या रिळावरचा सगळ्यात उपयोगी बदल. उपयोगी तेवढाच बिघडवणाराही. चुंबकासमोर ॲल्युमिनियमचं स्पूल फिरलं की धातूत भोवरा प्रवाह तयार होतात आणि ते स्पूलला मागे ओढतात. हा ब्रेक वेगाच्या प्रमाणात वाढतो, वर्गाने नाही, म्हणून फेकीच्या शेवटापर्यंत थोडाथोडा लागत राहतो. पश्चिमेचा वारा अंगावर घेऊन फेकायचं असेल तेव्हा याची किंमत कळते.

६ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची निओडिमियम चुंबकं चार घ्या. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्याची चंद्रकोर कापा, तिच्यावर चुंबकं उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण अशी आलटून पालटून ठेवा आणि ती हँडलच्या विरुद्ध बाजूच्या प्लेटच्या आत, स्पूलच्या कडेसमोर बसवा. सगळी एकाच बाजूने ठेवली तर ब्रेक बराच कमी लागतो. चुंबक आणि स्पूल यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. एक मिलिमीटरच्या आत गेलात तर स्पूलच्या किंचित डुलण्यानेही घासेल. अंतर तपासायला चुंबकाच्या डोक्यावर मातीच्या पिठाची गोळी, म्हणजे मुलांची क्ले, चिकटवा, रीळ बंद करा, उघडा आणि चपटी झालेली गोळी मोजा.

पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनेच लावा, इपॉक्सी नंतर. मग हुक नसलेलं २० ग्रॅमचं वजन बांधून मोकळ्या मैदानावर फेकून बघा. रंकाळ्याच्या काठावर चाचणी नको, तिथे माणसं फिरत असतात. फेक मध्येच मेल्यासारखी पडत असेल तर एक चुंबक कमी करा. सुरुवातीलाच स्पूलवर दोरीचे वेढे उसळत असतील तर चुंबकं वाढवू नका, ब्रेकचे ठोकळे काढले असतील तर त्यांची जोडी परत घाला. बहुतेकांना हलके ठोकळे आणि तीन-चार चुंबकं असा मिलाफ मानवतो.

चुंबकाचा त्रास म्हणजे तो लोखंडाचा कीस ओढून घेतो. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या शेडमध्ये ग्राइंडरशेजारी रीळ उघडलं तर चुंबकांवर काळी दाढी उगवते आणि ती स्पूल खरवडते. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर काळी रेती असते तिथेही तेच. चिकटलेला कीस फुंकून जात नाही, चिकणमातीची क्ले दाबूनच उचलावा लागतो.

ड्रॅग. मुख्य गियरच्या पोटात वॉशरची चळत असते: एक गियरमध्ये अडकणारा, एक शाफ्टमध्ये अडकणारा, मध्ये घासणारा मऊ वॉशर. झटके येतात कारण मऊ वॉशर दगड झालेला असतो किंवा धातूच्या चकतीवर चरे पडलेले असतात. कार्बन फायबरचे वॉशर घ्या, पण आधी जुन्या पूर्ण चळतीची जाडी मोजा. नवी चळत जाड झाली तर ताऱ्याचं चाक पुरेसे आटे पकडत नाही, पातळ झाली तर चाक तळाला टेकतं आणि ड्रॅग लागतच नाही. धातूच्या चकत्या काचेवर चारशे, मग आठशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवून गोल फिरवत सपाट करा. नवे कार्बन वॉशर घालून जुन्या चकत्या तशाच ठेवल्या तर झटके तसेच राहतात. ड्रॅगसाठीचं खास टेफ्लॉनयुक्त ग्रीस बोटाने लावा आणि लगेच पुसून टाका, ओलसरपणा राहिला तेवढा पुरे. गाडीचं ग्रीस नको, तापलं की पकड सोडतं.

कातड्याच्या वॉशरबद्दल हमखास विचारलं जातं, आणि चप्पल लाईन हाताशी असल्यावर विचारलं जाणारच. वनस्पतीजन्य द्रव्यांत कमावलेलं दीड मिलिमीटरचं कातडं खरंच चालतं. जुन्या रिळांत कातडं असायचंच. सुरुवातीची पकड कार्बनपेक्षाही मऊ सुटते. पण आपल्याकडच्या पावसात ते पाणी पिऊन फुगतं आणि ड्रॅग आपोआप आवळला जातो. गगनबावड्याच्या बाजूला जुलैत वापरायचं रीळ असेल तर कार्बनच.

ड्रॅग अंदाजाने आवळू नका. रॉडमधून दोरी ओवून सामान तोलायचा हुकाचा काटा लावा आणि दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ठेवा. तंगूस ८ किलोचं असेल तर दोन ते अडीच किलो. कार्बनवर याच्या दुप्पट मिळेल, पण ५५००सी च्या चौकटीला आणि पितळी गियरला साडेचार-पाच किलोच्या पुढे नेण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या पुढे पिनियनची कमान आणि कुत्रं आधी जातं. कुत्र्याला ग्रीस लावू नका, तेलाचा पुसट हात पुरे. ग्रीसमध्ये चिकटून ते वेळेवर पडलं नाही की हँडल उलटं फिरून बोटांच्या पेरांवर बसतं. एका दिशेने फिरणारं रोलर बेअरिंग घालायची हौस असेल तर त्यासाठी नंतरच्या मॉडेलची प्लेट आणि शाफ्ट लागतो. जुन्यात कापाकापी करण्यापेक्षा ते दुसरं रीळच घ्या.

गियर बदलायचे तर मुख्य आणि पिनियन जोडीनेच. एक नवा आणि एक जुना ठेवला तर दात महिन्याभरात खरखरायला लागतात. व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट लावून गियर "बसवून" घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती पितळात रुतून राहते आणि कायम खात बसते. हँडलचं भोक मोजून मगच मागवा. बाजारात ८ × ५ आणि ७ × ४ मिलिमीटर अशी दोन्ही मापं आहेत आणि कानस लावून मोठं केलेलं भोक कधीच चौरस राहत नाही. शिसमच्या मुठी लेथवर सुंदर निघतात. फक्त दोन्ही सारख्या वजनाच्या हव्यात.

दोरीबद्दल: ब्रेडेड (विणलेली दोरी) थेट स्पूलवर गुंडाळलं तर पूर्ण गुंडाळीच स्पूलवर घसरते आणि लोकांना वाटतं ड्रॅग सैल आहे. खाली तंगूसचे दहा-बारा वेढे द्या. स्पूल कडेपासून दोन-तीन मिलिमीटर कमी भरा. ब्रेडेड जुन्या क्रोमच्या दोरी-वाटाड्याला खाच पाडतं आणि ती खाच मग दोरीच कापते, म्हणून सिरॅमिक बसवलेला वाटाड्या घाला. लेव्हलवाईंड (वाटाड्याला इकडून तिकडे सरकवून दोरी सारखी पसरवणारी यंत्रणा) खडखडत असेल तर त्याच्या खालची टोपी काढून आतला छोटा दात बघा. टोक सुरीसारखं झालं असेल तर तो बदला, नाहीतर तो आट्याचा दांडा खाईल, आणि दांडा दातापेक्षा कितीतरी महाग पडतो. बटण दाबून दोरी ओढून पाहा: वाटाड्या हलत असेल तर फेकीच्या वेळीही तो फिरतो आणि अंतर खातो. लेव्हलवाईंड पूर्ण काढून उघडी चौकट बसवायची पद्धत लांब फेकणाऱ्यांची आहे. मग दोरी अंगठ्याने पसरावी लागते. काळम्मावाडी धरणाच्या पाण्यावर रात्री शिंगाळा माशासाठी बसणाऱ्याला ते जमणार नाही, एका बाजूला ढीग होऊन पुढच्या फेकीला गुंता ठरलेला.

रंग उडालेल्या प्लेटला हात लावू नये, असंच मी सांगेन. पुन्हा ॲनोडाईज करायचं तर जुना थर उतरवावा लागतो, त्यात माप बदलतं आणि छापलेली अक्षरं जातात. संग्रह करणारे झिजलेल्या मूळ रंगाला पैसे देतात, चकचकीत नव्याला नाही. चौकट पितळेवर क्रोमची असते, तिला हिरवं आलं असेल तर निकेल-क्रोम करून घेता येतं. हुपरीत चांदीचा मुलामा अप्रतिम होतो, पण तो रिळावर हाताच्या घामाने काळा पडतो. कुठेही द्या, आट्यांची भोकं आणि बेअरिंगच्या जागा मेणाने बुजवून द्या, नाहीतर मुलाम्याच्या जाडीने काहीच परत बसणार नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून एका पिशवीत ठेवा. विकताना त्या पिशवीसकट रिळाची किंमत वेगळी येते.

समुद्रावरून आल्यावर धुण्याआधी ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी चळतीत जात नाही. गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, पाइपचा जोर नको, तो मीठ आत ढकलतो. पुसून, बेअरिंगला थेंबभर तेल देऊन ड्रॅग पूर्ण सैल करा आणि तसंच कोरड्या जागी ठेवा. आवळलेला राहिला तर कार्बनचे वॉशरही दबून चिकटतात आणि पुढच्या माशाला पहिलाच झटका दोरी तोडतो.